पादचारी पुलाला हरकत नाही

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेण्यात गेली. आधी लघुलेखिका, मग वरिष्ठ लघुलेखिका, आणि शेवटची काही वर्षं, लघुलिपी कुणालाच वाचता येईनाशी झाल्यावर, बैठकांचं इतिवृत्त लिहिणारी बाई. बैठकीत जे होतं ते जसंच्या तसं लिहिलं तर त्याला भांडण म्हणतात. तेच चाळून, काटे काढून, शेवटी 'सकारात्मक चर्चा झाली' असं लिहून सही घेतली की त्याचं इतिवृत्त होतं. हे समजायला मला दहाएक वर्षं लागली. समजल्यावर साहेबलोक मला 'अनुभवी' म्हणायला लागले.

आमचं ऑफिस दादरला. सरकारी, रस्त्यांची कामं बघणारं. मी परळहून चालत जायचे. रस्त्यांच्या ऑफिसात काम करणाऱ्या माणसाला दुसऱ्या कुठल्या वाहनाचा भरवसा उरत नाही.

ज्या दोन शहरांची ही गोष्ट आहे त्यांची नावं मी लिहीत नाही. एकाचं नाव आधी लिहिलं म्हणून दुसऱ्याचं निषेधाचं पत्र आलेलं मी फाईलला लावलेलं आहे. मुंबईच्या बाहेर, हायवेवर, मध्ये एक नाला. नाल्याच्या उत्तरेला एक महापालिका, दक्षिणेला दुसरी. म्हणजे मी इथेही उत्तर आधीच लिहिलं. दक्षिणवाल्यांनी मोठ्या मनाने घ्यावं.

या दोन्ही शहरांचे रस्ते हायवेला एकाच नाक्यावर येऊन मिळायचे. तिथे एक सिग्नल होता. सिग्नल हिरवा झाला की ट्रक हलायचे, पण तोवर आडव्या गाड्या मध्ये शिरलेल्या असायच्या, त्यामुळे हिरवा, पिवळा, लाल हे सगळं नुसतं रोषणाईसाठी असल्यासारखं वाटायचं. सकाळच्या वेळी बसमधल्या बायका तिथे वेण्या घालून घ्यायच्या, मेथी निवडायच्या. माझी वहिनी तर म्हणायची, त्या नाक्यावर तिने अख्खा स्वेटर विणलाय.

वहिनीचं सांगायला हवं. आमचं माहेर लालबागचं, वडील गिरणीत होते. ते गेल्यावर खोली विकली आणि दादाने उत्तरेकडच्या शहरात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. हवा चांगली, पाणी चोवीस तास, असं तेव्हा त्याला बिल्डरने सांगितलं होतं. वहिनी परळच्या एका हॉस्पिटलात नर्स. घर उत्तरेला गेलं, नोकरी परळलाच राहिली, आणि दोन्हींच्या मध्ये तो नाका. वहिनी मूळची मालवणकडची. एरवी शुद्ध बोलायची, डोकं फिरलं की मालवणीत शिरायची. नाक्यावर रोज शिरायची.

तर या नाक्यावर सरकारने इंटरचेंज बांधायचं ठरवलं. हायवे वरून जाईल, शहरांचे रस्ते खालून, आणि चारही बाजूंना वळसे घेत चढणारे-उतरणारे जोडमार्ग. कागदावर त्याला 'बहुस्तरीय आंतरमार्ग संकुल' असं नाव होतं. ते फक्त मी लिहायचे. बाकी सगळे 'तो नाका' म्हणायचे. खर्चाचा काही भाग सरकार देणार, उरलेला दोन्ही शहरांनी आपसात वाटून घ्यायचा. कसा वाटायचा ते मार्चअखेरपर्यंत ठरवून कळवायचं. नाही ठरलं तर सरकारी पैसा दुसऱ्या जिल्ह्याला जाणार.

बैठक कुठे घ्यायची यावर पहिला महिना गेला. उत्तरवाले दक्षिणेला जायला तयार नाहीत, दक्षिणवाले उत्तरेला. मग आमच्या साहेबांनी तोडगा काढला: दादर. दादर त्या दोघांच्या मध्ये येत नाही. ते दोघांनाही सारखंच गैरसोयीचं आहे, आणि एवढ्या एका बाबतीत तरी वाटणी समान झाली याचं साहेबांना समाधान होतं.

आमचे साहेब शिवाजी पार्कात राहायचे. रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारायचे, आणि तिथे त्यांच्याबरोबर फिरणारे निवृत्त इंजिनिअर, निवृत्त प्राध्यापक त्यांना या नाक्याबद्दल सल्ला द्यायचे. त्या सल्ल्यांतलं एक तरी वाक्य बैठकीत यायचंच. अतिशय सज्जन माणूस. आवाज कधी चढला नाही. निर्णयही कधी घेतला नाही, पण सज्जनपणाला ते शोभूनच दिसायचं.

पहिल्या बैठकीला दक्षिणवाले वीस मिनिटं आधी आले आणि एसीखालची बाजू धरून बसले. त्यांच्याकडून बोलायचे ते शहर अभियंते. निवृत्तीला आलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि चेहरा असा की माणूस ऐकतोय की झोपलाय ते कळू नये. उत्तरवाले आले, उकाड्याच्या बाजूला बसावं लागलं, तिथेच बिनसलं. त्यांच्याकडून बोलायचे अतिरिक्त आयुक्त. तरुण, तरतरीत, प्रत्येक वाक्य 'बेसिकली' पासून सुरू करणारे.

"बेसिकली," ते म्हणाले, "तिथे जो ट्रॅफिक आहे तो साउथचा आहे. आमचे लोक हायवेला लागतात आणि सरळ जातात. अडवतात ते तुमचे."

शहर अभियंत्यांनी डोळे उघडले. "आमच्या शहरात अडवण्याइतक्या गाड्या नाहीत. नाक्यावर उभ्या असतात त्या तुमच्या. आमच्या हद्दीत उभ्या असतात म्हणून आमच्या दिसतात."

हे ऐकून साहेब म्हणाले, "चांगली सुरुवात झाली."

मग ठरलं की गाड्या मोजाव्यात. दोन्ही शहरांनी आपापल्या मोजल्या. म्हणजे दुसऱ्याच्या मोजल्या. उत्तरवाल्यांनी सोमवारी सकाळी माणसं बसवली, दक्षिणवाल्यांनी रविवारी दुपारी. पुढच्या बैठकीत दोन जाडजूड अहवाल टेबलावर आले. एकात नाका तुंबून वाहत होता आणि दुसऱ्यात तिथे क्रिकेट खेळता आलं असतं. मी आकड्यांना दोष देत नाही. ते बिचारे ज्याचं मीठ खातात त्याचंच बोलतात.

त्यानंतरच्या बैठकांमध्ये काय काय झालं ते सगळं सांगत नाही. मी ते एकदा लिहिलंय आणि त्यावेळी मला त्याचा पगार मिळत होता. जमिनीवर वाद झाला, पाण्याच्या पाइपांवर झाला, नाल्याचं पाणी कोणत्या बाजूला जास्त तुंबतं यावर झाला. एकदा उत्तरवाले उठून गेले. जिन्यापर्यंत गेले आणि परत आले, कारण बटाटेवडे वर येत होते. वड्यांच्या बाबतीत दोन्ही शहरांची भूमिका पहिल्यापासून समन्वयाची होती.

खर्च मात्र कुणालाच सोसत नव्हता. तेव्हा साहेबांनी मैदानावरून आणलेलं एक वाक्य काढलं. "वाटा कमी होत नसेल तर मुळात खर्चच कमी करू या."

हे सगळ्यांना आवडलं. आराखडा टेबलावर पसरला. काय काढता येईल? जोडमार्ग काढता येईना, खांब काढता येईनात. शोधता शोधता बोटं एका बारीक निळ्या रेघेवर आली. हायवेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जाणारा पादचारी पूल.

"हा कुणासाठी?" अतिरिक्त आयुक्तांनी विचारलं.

"चालणाऱ्यांसाठी," साहेब म्हणाले.

"आमचे लोक तिथे चालत नाहीत," शहर अभियंते म्हणाले. "बस अडकली की उतरून पलीकडे पळतात ते उत्तरेचे."

"पण पळतात ते तुमच्या हद्दीत. लॉजिकली, साउथची रिस्पॉन्सिबिलिटी."

"पादचारी आमचे नाहीत."

"आमचेही नाहीत."

इतक्या बैठकांमधलं हे पहिलं एकमत. मी खाली मान घालून लिहीत होते. वहिनी रोज सकाळी काय करते ते मला माहीत होतं. बस नाक्याला अडकली की ती उतरायची, रस्ता ओलांडायची आणि पुढे जाऊन सुटलेली बस पकडायची. त्याशिवाय सकाळची ड्यूटी गाठणं शक्यच नव्हतं. माझ्या जिभेवर आलं होतं, साहेब, माझी वहिनी पादचारी आहे. पण इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईला बैठकीत तोंड नसतं, फक्त हात असतो. पुलाबद्दल पुढच्या बैठकीत अंतिम निर्णय घ्यावा असं ठरलं आणि मी तसं लिहिलं.

दोनेक आठवड्यांनी दादाचा फोन आला. मी डबा उघडून बसले होते.

"हिला लागलंय," दादा म्हणाला. "नाक्यावर."

वहिनी नेहमीसारखी उतरून रस्ता ओलांडत होती. अर्धा ओलांडला, दुभाजकावर पाय ठेवला, आणि उलट्या बाजूने एक मोटारसायकल आली. वहिनी दुभाजकावरच आडवी झाली. गुडघ्याखाली हाड मोडलं. लोक जमले, तिला उचलायला धावले, तर ही खालूनच ओरडली, "हात लावायचा नाही!" मग पडल्या पडल्या तिने बसमधल्या एका कॉलेजच्या मुलीची घडीची छत्री मागून घेतली, तिचीच ओढणी मागून घेतली, आणि आपला पाय कसा बांधायचा ते तिला शिकवलं. दोनदा चुकलं तेव्हा रागावली पण. पुढे हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी ती बांधणी पाहून विचारलं, कुणी केलं हे? वहिनी म्हणाली, पेशंटने.

एका बाजूने दक्षिणेचा हवालदार आला, दुसऱ्या बाजूने उत्तरेचा. दोघांनी आधी विचारलं, पडली कुठल्या बाजूला? पडली होती बरोबर मधोमध. आमच्या वहिनीने पडतानाही कुणाची बाजू घेतली नाही. त्या दोघांचं ठरेपर्यंत एका रिक्षावाल्याने तिला मागच्या सीटवर आडवी घातली आणि जवळच्या नर्सिंग होममध्ये नेऊन सोडली. तो रिक्षावाला कुठल्या शहराचा ते अजून कुणाला माहीत नाही. दादा नंतर त्याला शोधायला दोनदा नाक्यावर जाऊन आला.

दुसऱ्या दिवशी तिला परळला तिच्याच हॉस्पिटलात हलवलं. ऑपरेशन झालं, सळी घातली. मी रोज ऑफिस सुटल्यावर डबा घेऊन जायचे. पहिले दिवस पेज, मग मऊ भात. एकदा वरळी कोळीवाड्यातून ताजे बोंबील आणून तळून नेले. तेव्हा कुठे तिच्या तोंडावर रंग आला.

त्या दिवशी तिने विचारलं, "काय गो, तुझ्या त्या मिटिंगा चालूच आहेत?"

"आहेत."

"नाक्यावर चालणाऱ्यांसाठी काही करतायत का ते?"

मला खोटं बोलता आलं असतं. इतकी वर्षं नोकरीच ती होती. पण वहिनीने समोर पाय टांगून ठेवलेला.

"पूल होता आराखड्यात," मी म्हटलं. "काढतायत. खर्च वाढतो म्हणून."

ती बोंबलाचा काटा काढत बसली. मला वाटलं, आता मालवणीतून दोन्ही महापालिकांचा उद्धार होणार. मी वाट बघत होते, मला तो ऐकायचाही होता. पण तिने काटा डब्याच्या झाकणात ठेवला. मग म्हणाली, "आणि ते जे ठरतं, ते कागदावर कोण लिहितं?"

"मी."

"हं," वहिनी म्हणाली आणि हात धुवायला पाणी मागितलं.

तिने मला काही कर म्हणून सांगितलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते. जे केलं ते माझं मी केलं.

शेवटची बैठक मार्च संपता संपता झाली. सरकारी पैसा जाणार या भीतीने दोन्हीकडची माणसं वेळेवर आली होती. विषयपत्रिकेवर नऊ विषय होते. पहिला आणि मोठा विषय वाट्याचा. आणि गंमत म्हणजे तो दहा मिनिटांत सुटला. निम्मा-निम्मा. वर्षभर जो आकडा कुणाच्या घशाखाली उतरत नव्हता तो मार्चच्या उन्हात पन्ह्यासारखा उतरला. साहेबांना इतका आनंद झाला की ते उभेच राहिले.

मग अतिरिक्त आयुक्त म्हणाले, "बेसिकली, कोनशिला कुठे बसणार?"

कोनशिला म्हणजे तो दगड, ज्यावर कुणी भूमिपूजन केलं, कुणाच्या हस्ते, कुणाच्या उपस्थितीत, हे सगळं कोरलेलं असतं. कामाचा दगड एकच. आणि शहरं दोन. यावर दोन तास गेले. आधी दगड मधोमध बसवू, असं साहेब म्हणाले. पण मधोमध नाला होता. मग एका बाजूला बसवू आणि दुसऱ्या शहराचं नाव वर लिहू. ते कुणाला चाललं नाही. शेवटी दगड दोन बसवायचे ठरले. मग त्यांची उंची किती, रंग कुठला, अक्षरं सोनेरी की काळी. दक्षिणेचे शहर अभियंते या दोन तासांत एकदाच बोलले. "दगडाला पैसे आहेत ना?" एवढंच.

हे संपेपर्यंत सगळे दमले होते आणि वड्यांचा वास यायला लागला होता. आठ विषय झाले होते. साहेबांनी कागद मिटला आणि म्हणाले, "राहिलेला विषय वाचल्याचं समजू या." सगळे उठले.

राहिलेला विषय होता क्रमांक नऊ: पादचारी पूल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी इतिवृत्त टाईप करायला बसले. आठव्या विषयापर्यंत हात सरळ चालला. मग लिहिलं, 'विषय क्रमांक ९', आणि थांबले. विषयपत्रिकेवरच्या प्रत्येक विषयापुढे काहीतरी लिहावंच लागतं. रिकामी जागा सोडून चालत नाही. आणि या विषयावर तर कुणी चकार शब्द काढला नव्हता. साहेबांना विचारावं तर ते म्हणाले असते, मागच्या वेळचं बोलणं बघून लिहा. मागच्या वेळचं बोलणं मला पाठ होतं.

मी उठून पाणी प्यायले. परत येऊन बसले. आणि लिहिलं: 'मूळ आराखड्यातील पादचारी पूल कायम ठेवण्यास बैठकीत कोणीही हरकत घेतली नाही.'

वाचून पाहिलं. खोटं एक अक्षर नव्हतं. हरकत कुणी घेतलीच नव्हती. वडे थंड होण्याला हरकत घेतली होती, ती मी लिहिली नाही इतकंच. तरी पुन्हा एकदा वाचलं. नोकरीची शेवटची काही वर्षं राहिलेली, पेन्शन समोर दिसत होती, आणि मी पुलाला मान्यता देऊन बसले होते.

प्रत साहेबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचायला घेतली. मी समोर उभी. वाट्याचा विषय त्यांनी भरभर वाचला. कोनशिलांच्या विषयावर मात्र थांबले, पेन काढलं, 'समान आकाराच्या' हे खोडून 'समसमान आकाराच्या' असं केलं, माझ्याकडे बघून म्हणाले, "अशा ठिकाणी जपून लिहावं लागतं." मग पान उलटलं आणि सही केली.

इतिवृत्ताच्या खाली आमच्याकडे एक ओळ असते: काही हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावे, अन्यथा इतिवृत्त कायम समजण्यात येईल. ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. टेबलावरचा फोन वाजला की आधी इतिवृत्ताची प्रत पुढ्यात ओढायचे. घरी यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "एवढं काय त्यात? कोण वाचतंय?" सगळी नोकरी ज्या कामात गेली त्याबद्दल नवऱ्याचं हे मत ऐकून मला त्या परिस्थितीतही राग आला.

तिसऱ्या दिवशी उत्तरेचं पत्र आलं. आत लिहिलं होतं, अतिरिक्त आयुक्तांच्या नावापुढची पदवी लिहायची राहिली आहे, दुरुस्ती व्हावी. मी आयुष्यात इतक्या आनंदाने कुठलीच दुरुस्ती केली नाही.

सातव्या दिवशी फोन वाजला. दक्षिणेचे शहर अभियंते. स्वतः.

"बाई, इतिवृत्त मिळालं."

"हो साहेब."

"विषय नऊ."

मी खुर्चीत बसले.

"मी त्या बैठकीत शेवटपर्यंत होतो," ते म्हणाले. "पुलाबद्दल कोण बोललं?"

"कुणीच नाही, साहेब."

त्यांच्या केबिनमध्ये कुणीतरी आलं, त्याला त्यांनी 'नंतर' म्हणून घालवलं, तेही मला ऐकू आलं.

"म्हणजे हरकत कुणी घेतली नाही."

"नाही घेतली, साहेब."

"मग बरोबरच लिहिलंय." थोडं थांबून म्हणाले, "पण नुसतं पादचारी पूल असं लिहून भागत नाही. पुढे कुणीतरी म्हणेल, कुठला पूल? नकाशाचा क्रमांक घाला. रुंदी घाला. जिने दोन्ही बाजूंना, असं लिहा, नाहीतर एकाच बाजूला बांधतील. आणि पत्र पाठवतो मी तुम्हाला, स्पष्टीकरण म्हणून. त्याच्या आधारे दुरुस्त प्रत काढा. म्हणजे तुमच्यावर काही यायला नको."

'पादचारी आमचे नाहीत' हे याच माणसाचं वाक्य मी याच हाताने लिहिलं होतं. न राहवून म्हटलं, "साहेब, बैठकीत तर तुम्ही..."

"बैठकीत मी महापालिकेतर्फे बोलतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पत्र दुसऱ्याच दिवशी आलं, माणसाच्या हाती. त्यात पुलाबद्दल असं काही नेमकं लिहिलं होतं की पुढे कुणाला ते काढायला जागा उरू नये. त्यांनी हे का केलं, ते मला कधी कळलं नाही. विचारायची संधीही आली नाही. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. मी मात्र वर्षभर त्यांना घरी सगळ्यांपुढे 'तो झोपाळू' म्हणत आले होते. वहिनीला तर मी त्यांच्या बोलण्याची नक्कलही करून दाखवली होती. ते मला अजून लागतं.

काम सुरू झालं, रखडलं, पुन्हा सुरू झालं. आधी दोन भूमिपूजनं झाली, नाल्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, एकाच वेळी. दोन्हीकडचे लाऊडस्पीकर एकमेकांवर आदळत होते, त्यामुळे भाषणं कुणालाच ऐकावी लागली नाहीत. मधल्या काळात मी निवृत्त झाले. साहेब त्याआधीच झाले होते आणि आता सकाळच्या फेऱ्या मारता मारता ते दुसऱ्यांना सल्ले द्यायचे.

इंटरचेंज उघडला तेव्हा पेपरात फोटो आला. वरून घेतलेला, देखणा. नाक्यावरची कोंडी खरोखर सुटली. ती आता पुढच्या नाक्यावर असते, जिथे उत्तरेच्या शहराची हद्द संपते आणि तिसऱ्याची सुरू होते. त्यावर बैठका सुरू झाल्यात असं ऐकते. कुठे घ्यायच्या यावर वाद चाललाय म्हणे.

पादचारी पूल सगळ्यात शेवटी झाला. झाल्यावरही त्याचा दक्षिणेकडचा अर्धा भाग उजळलेला आणि उत्तरेकडचा अंधारात, असं बरेच महिने होतं, कारण विजेचा मीटर कुणाच्या नावावर घ्यायचा ते ठरत नव्हतं. झाडू कुणी मारायचा तेही नाही. पण पूल होता. दोन्ही बाजूंना जिने होते.

मी दादाकडे राहायला गेले होते तेव्हा वहिनी म्हणाली, "चल, तुला दाखवते." तिची दुपारची ड्यूटी होती, मला परळला परत यायचं होतं. बस अजूनही खालच्या रस्त्याने नाक्यापर्यंत येते, पलीकडे जाऊन दुसरी पकडायची असते. वहिनी आता चालताना एका पायावर किंचित जोर देते. ती सवय झालीय, दुखत नाही, असं ती सांगते. जिना चढताना तिने कठडा धरला. मध्ये दोनदा थांबली. तिच्यासाठी म्हणून मीही थांबले, पण खरं म्हणजे दम मला लागला होता.

"लिफ्ट का नाही लिहिलीस गो?" ती म्हणाली.

"लिफ्ट आराखड्यात नव्हती."

"पूल तरी खंय होतो मिटिंगेत?"

मी चमकून बघितलं. मी तिला यातलं काहीही कधी सांगितलं नव्हतं. यजमानांनी दादाला सांगितलं असणार आणि दादाने तिला. आमच्या घरात इतिवृत्त लिहायची गरज पडत नाही. ती हसत नव्हती. पायरीकडे बघून पुढचा पाय टाकत होती.

वर गेल्यावर वारा लागला. खालून ट्रक जात होते, पूल बारीक थरथरत होता. समोरून शाळेच्या दोन मुली आल्या, मागून एक म्हातारा डोक्यावर कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन. खाली पाहिलं तर तिघेचौघे तरीही दुभाजकावरून उड्या मारून पलीकडे पळत होते. वहिनीने तिथूनच वाकून त्यांना मालवणीत जे काही सुनावलं ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. एक जण दचकून वर बघायला लागला, कळेना आवाज कुठून येतोय.

मग तिने घड्याळ बघितलं, पदर खोचला, आणि आम्ही पलीकडच्या जिन्याने खाली उतरलो. बस उभीच होती.